एकही तक्रार आली नाही

ज्या कचेरीत सगळं सुरळीत चालतं, तिथे किस्से होत नाहीत. तिथली माणसं निवृत्त होतात, शाल-श्रीफळ घेतात आणि घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालतात. आमच्याकडे मात्र किस्से साठतच जातात, कारण रोज काहीतरी बिनसतं आणि ते कुणाला सांगायची सोय नसते. मग चार मित्रमैत्रिणी जमल्या, चहा आला, की एकेक बाहेर पडतो. सगळे हसतात. म्हणतात, "माधवी, काय मजा आहे गं तुमच्या रेडिओत!" मजा कसली? माझं डोकं तडकतं. तरी सांगते.

मी सुरतेत सरकारी रेडिओवर निवेदक आहे. कॅज्युअल, म्हणजे कायम नाही. आणि हे कायम नसणं मात्र वर्षानुवर्षं कायम आहे. आमचं चॅनल जुन्या गाण्यांचं. हिंदी, गुजराती आणि दुपारी एक तास मराठी. तो तास माझा. चॅनल डिजिटल, म्हणजे घरातल्या ट्रान्झिस्टरवर लागत नाही, मोबाइलमधल्या ॲपवर लागतं. ज्यांना जुनी गाणी हवीत त्यांना ॲप जमत नाही आणि ज्यांना ॲप जमतं त्यांना जुनी गाणी नकोत. एवढी साधी गोष्ट ज्यांच्या लक्षात आली नाही, तेच आता वर बसून विचारतायत की हे चॅनल चालू ठेवायचं कशाला?

* * *

उद्घाटनाचंच घ्या. पाहुणे आले, समई लावली, भाषण झालं. मग पाहुणे म्हणाले, ऐकवा तर खरं! आमच्या इमारतीच्या भिंती जाडजूड, आत नेटवर्क नावालाही नाही. ॲप उघडलं की ते गोल गोल फिरत राहायचं. ज्या इमारतीत चॅनल तयार होत होतं, नेमकं तिथेच ते ऐकू येत नव्हतं.

आमचे इंजिनियर परेशभाई पक्के सुरती. हातात पक्कड आणि जिभेवर शिवी, दोन्ही कायम तयार. त्यांनी गुपचूप शेजारच्या स्टुडिओतून वायर ओढून स्पीकरला जोडली. गाणं सुरू झालं. पाहुण्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात डिजिटल क्वालिटी."

परेशभाई माझ्या कानाशी आले. "बेन, आ तो वायर छे."

* * *

मग एक सल्लागार आले. तरुण, हुशार, इंग्रजीतून मराठी बोलणारे. त्यांनी दिवसभर आमच्याकडे बसून प्रेझेंटेशन दिलं. त्यांचं म्हणणं, चॅनलमध्ये फ्रेशनेस नाही. श्रोता कंटाळतो.

मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं?

ते म्हणाले, "मॅडम, जुनी गाणी ठेवा. पण थोडी नवीन लावा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, वाईट माणूस नाहीत. पण वरून काहीही आलं तरी लिहून घेतात. वरून दगड पडला तरी आधी त्याची पोच देतील.

* * *

श्रोते मोजण्याचा किस्सा ऐका. ॲप किती फोनवर चालू आहे, यावरून म्हणे श्रोते मोजतात. उधन्याकडे एक गल्ली आहे. दुपारी घरकाम आटोपलं की बायका ओट्यावर साड्या घेऊन बसतात, साड्यांवर खडे चिकटवायचं काम. मध्ये एक फोन ठेवतात, त्यावर माझा तास. मी स्वतः जाऊन पाहिलंय. सगळी गल्ली ऐकते. गाणं चुकीचं लागलं तर दुसऱ्या दिवशी निरोप येतो, इतकं मन लावून ऐकते.

मी साहेबांना म्हटलं, त्या एका फोनमागे अख्खी गल्ली आहे, हे वर कळवा.

त्यांनी स्क्रीनवर खालीवर पाहिलं आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, "माधवीबेन, सिस्टीममध्ये गल्लीचा कॉलम नाही."

* * *

आता भिकनआप्पा. यांच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आप्पा अमळनेरकडचे, अजून अहिराणीच बोलतात. तरुणपणी सुरतेत आले आणि उभा जन्म कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर गेला. लूमच्या खटखटीत माणसं खुणांनीच बोलतात. त्यात कान जातात, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी त्याबद्दल बोलत नाही. आप्पांच्या बरोबरीचे एकेक करून ठार बहिरे झाले. आप्पांना अजून अर्धंमुर्धं ऐकू येतं.

त्यांच्या नातवानं त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं. तेव्हापासून माझा तास संपला की मेसेज येतो, "आज बी ऐकू उनं माय. आवाज वाढावना नही पडना." आवाज वाढवावा लागला नाही, म्हणजे मला वाटायचं, कौतुक करतायत. मी आपली खूश!

श्रोत्यांच्या मेळाव्याला ते आले तेव्हा मी विचारलं, आप्पा, कोणती गाणी आवडतात? तर म्हणाले, गाणी काय, सगळीच चांगली. पण ते गाण्यासाठी लावतच नाहीत. कान तपासायला लावतात. फोनचा आवाज त्यांनी एका खुणेवर कायम ठेवलाय. त्या खुणेवर मी ऐकू आले की तो दिवस चांगला.

मी म्हटलं, मग घरी सूनबाईचं बोलणं ऐकू येतं की नाही, त्यावरून नाही का कळत?

"ती त बहिराले बी ऐकू येस," आप्पा म्हणाले. "तुना आवाज रोज सारखाच शे."

सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन नवऱ्याला सांगायला लागले तर मात्र मला रडू आलं. त्यानंतर एकदा सर्दीत ड्युटी केली. आवाज बसलेला. आप्पा त्याच संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडे! तेव्हापासून नाक जरा जरी चोंदलं तरी मी ड्युटी बदलून घेते. परेशभाई म्हणतात, बेन, तुम्ही निवेदक नाही, मशीन आहात.

* * *

मग पुनर्विचार समिती आली. थंडीचे दिवस होते, साहेबांनी कोवळ्या ज्वारीचे पोंकवडे मागवले. समितीनं वडे खाल्ले आणि विचारलं, तुमच्या श्रोत्यांचं साधारण वय काय?

साहेब म्हणाले, सत्तरच्या आसपास.

"मग दहा वर्षांनी ऐकणार कोण?"

साहेबांनी वड्यांची बशी पुढे सरकवली. कोपऱ्यात पंख्याचं बटण दुरुस्त करत असलेले परेशभाई मान न वळवता बोलले, "साहेब, आज जे साठचे आहेत ते तोवर सत्तरचे होतील ने?"

समितीनं हे नोंदवून घेतलं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून एक जुनं गाणं, अगदी आम्ही रोज लावतो तसलं. त्यांनी घाईनं बंद केलं. वडिलांच्या आवडीचं होतं म्हणाले, म्हणून ठेवलंय. क्षणभर मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तर मला सांगा, आजच्या काळात या गाण्यांची गरज कुणाला आहे?"

* * *

शेवटचा सांगते आणि गप्प बसते. हा सांगताना माझा अजून संताप होतो.

वरून आदेश आला, आठवडाभर चॅनल बंद ठेवा. आधी सांगायचं नाही. मध्ये सांगायचं नाही. बघायचं, तक्रारी किती येतात. तक्रारी आल्या तर चॅनल लोकांना हवंय, नाही आल्या तर सुंठीवाचून खोकला गेला. आणि तक्रार फक्त पोर्टलवर. पोर्टल इंग्रजीत. त्यात तक्रारीचा प्रकार निवडायचा असतो. 'आवाज खराब आहे' असा प्रकार होता, 'आवाजच नाही' असा प्रकार नव्हता. कर्मचाऱ्यांनी कुणाला तक्रार करायला सांगितलं तर कारवाई, हेही आदेशात होतंच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी या वेळी उंटही लपवून ठेवला होता.

परेशभाई भडकले. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. प्रसारण जरा जरी तुटलं तरी आधी म्हणायचं, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व.' गाणं अडकलं, क्षमस्व. वीज गेली, आल्याबरोबर क्षमस्व. परेशभाई म्हणाले, निदान ते तरी वाजवू द्या, माणसं वेडी होतील. साहेबांनी आदेश पुढे केला. आदेशात क्षमस्व नव्हतं.

चॅनल बंद झालं. साहेब पोर्टल उघडून बसले. एकही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

अडाजणच्या भाजीबाजारात मला जोशीबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या श्रोत्या. म्हणाल्या, फोन बिघडलाय गं माझा, मुलगा नवा आणतोय. मी आदेशाला मनातल्या मनात शिवी घालून सांगितलं, बाई, फोन ठीक आहे, आम्हीच बंद आहोत. त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "काहीतरीच काय! बंद असतं तर तुम्ही क्षमस्व म्हटलं नसतं का?"

मग लक्षात आलं. कुणी नवा फोन घेतला होता, कुणी ॲप काढून परत घातलं होतं, कुणी रिचार्ज मारला होता. उधन्याच्या गल्लीनं तर फोन तुळशीजवळ ठेवून पाहिला, तिथे रेंज चांगली येते म्हणून. सगळ्यांचं काही ना काही बिघडलं होतं. फक्त आमचं काही बिघडलंय, असं एकालाही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही क्षमस्व म्हणत आलो, त्याचं हे फळ!

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी भिकनआप्पा आमच्या रेडिओ स्टेशनवर आले. कडोदऱ्याहून बस बदलत, एकटेच. चेहरा उतरलेला. मला पाहताच म्हणाले, "माय, कान गयात."

मी म्हटलं, "आप्पा, कान नाही गेले. चॅनल बंद आहे. आम्हीच बंद केलंय." जवळजवळ ओरडूनच म्हटलं. साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले. ऐकलं त्यांनी.

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, माझं मन राखायला सांगतेस, कळतं मला. बंद ठेवलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही. डॉक्टरही खोटा धीर देतो, तू देऊ नको.

मग म्हणाले, जवळून नको बोलू, जवळून काय, कुणालाही ऐकू येतं. लांब जा आणि रेडिओवर बोलतेस तशी बोल.

मी लांबलचक कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला गेले. शेजारच्या एफएमची पोरं दारात येऊन उभी राहिली. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते, माझे ओठ दिसू नयेत म्हणून. आणि मी तिथून, माइक नाही, काही नाही, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार. जुन्या मराठी गाण्यांच्या या तासात आपलं मनापासून स्वागत." एवढंच.

आप्पा वळले. चेहरा असा उजळला होता की एफएमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. "बराबर शेत," ते म्हणाले. "कान बराबर शेत माय."

साहेब पुढे आले. हातात फोन, त्यावर पोर्टल उघडलेलं. एवढ्या वर्षांत मी साहेबांना कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. म्हणाले, "आप्पा, तुमची काही तक्रार आहे का? असेल तर सांगा, मी स्वतः भरतो. एक तरी सांगा."

आप्पांनी हात जोडले. "नही साहेब, तक्रार कसानी? तुमनं बठ्ठं बराबर शे. मनाच फोन बिघडेल शे."

आणि निघताना त्यांनी परेशभाईंना विचारलं, इथे जवळपास फोन दुरुस्त करणारा कुणी भरवशाचा आहे का.