सात थांब्यांची जीप

मागच्या टायरला लाथ मारायची, कान देऊन आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "हवा बघून येतो, ताई." मग आमचे जीपवाले काका जे गायब व्हायचे ते दहा मिनिटांनी उगवायचे. टायर जीपला, मग हवा बघायला हा माणूस लोकांच्या घरामागे कशाला जातो, हे कोडं तुम्हालाही पडलं असतं.

आम्ही चौघी बीडहून केजला रोज ये-जा करणाऱ्या. दोघी शिक्षिका, एक नर्स आणि तहसीलमधली कारकून, म्हणजे मी. काकांच्या जीपची मधली सीट अकरा वर्षं आमच्याच मालकीची. मधे सात-आठ महिने ते आजारी होते. पोटाचं काहीतरी, एवढंच कानावर आलं होतं. परत आले ते निम्मे होऊन, पण स्टेअरिंगवर बसले आणि नवरदेवासारखे हसले. आम्हालाही बरं वाटलं. त्यानंतर मात्र ही हवेची भानगड सुरू झाली.

एका महिन्यात मला चार लेटमार्क लागले. मोठ्या शिक्षिकेने सोमवारपासून दुसरी जीप ठरवून टाकली. काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण भांडायला मी बरी.

शुक्रवारी मांजरसुंब्याच्या पुढे जीप थांबली. टायरला लाथ बसली, काका गेले. मी तणतणत मागोमाग गेले. रस्त्यालगतच्या एका घरामागे संडासाचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. घरची आजी त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. मी तिथेच सांगून टाकलं, सोमवारपासून आम्ही येणार नाही.

ते हात पुसत माझ्यामागून आले. जीपपाशी आल्यावर खिडकीवर हात ठेवून उभे राहिले. "टायरात हवा बरोबर हाय, ताई. बिघाड माझ्यात हाय."

मग सगळं सांगितलं. गुदाशयाचा कॅन्सर. पाच आठवडे लाईट घेतली, म्हणजे रेडिएशन, आणि मग ऑपरेशन. गाठ गेली, पण लाईटने आतली जागा नाजूक करून ठेवली. कळ आली की थांबायचंच, आणि एकदा जाऊन भागेल असंही नाही. आग होते, थकवा येतो. डॉक्टरांनी जपून चालवा म्हटलं होतं, घरचे म्हणत होते आता बसा गप्प. "घरात बसायचं तर वाचून काय केलं म्या? पण तुमीच न्हाई बसलात, तर जीप इकावी लागंल."

मला माझीच लाज वाटली. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, संडास स्वच्छ आहे का?"

"लई स्वच्छ. कावून?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. माझ्यामागे नर्स, तिच्यामागे दोघी शिक्षिका. तुम्ही बाई असाल तर कारण सांगायला नको. अकरा वर्षं आम्ही घरून निघताना पाण्याचा घोट घेत नव्हतो, कारण केजपर्यंत जायचं कुठे? भरपूर पाणी प्या म्हणून रोग्यांना सांगणाऱ्या आमच्या नर्सला स्वतःला दोनदा मूतखडा झालेला. आजी रांग बघून पदरात हसत होती.

सोमवारी दुसरी जीप आमच्याविनाच गेली. आमची अर्धा तास आधी सुटू लागली. काकांनी वाटेवर सात घरं हेरून ठेवली होती. कुठली कडी सैल, कुठलं कुत्रं चावरं, सगळं तोंडपाठ. फुकट काही घेणारा माणूस नव्हे. कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा, बीडहून आणून देत जायचे. बदल्यात आमच्या ओटीत शेंगा, बोरं, कधी गरम भाकरी. मागे बसणारे एक भाऊसाहेब कुरकुरले, ही जीप आहे का सहल. पुढे त्यांना शुगर निघाली आणि सगळ्यांत आधी उतरणारे तेच झाले.

सकाळी भेटताच काका बोटं दाखवायचे. दोन बोटं म्हणजे दिवस चांगला, दोनदाच थांबणार. पाच दाखवली की आम्ही डबे उघडून बसायचो. ठेच्यावर त्यांचा भारी जीव, पण आता तो बंद. मी आणला की म्हणायचे, "नुसता वास घेऊ द्या." डोळे मिटून वास घ्यायचे आणि आपल्या दहीभाताला लागायचे.

एकदा थांब्यापर्यंत पोचता आलं नाही. नर्सने आपली शाल त्यांच्या कमरेला गुंडाळली, कोणी नाक मुरडलं नाही, पण केजपर्यंत त्यांनी आरशात एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. दोन दिवसांनी शाल धुऊन, इस्त्री करून आणली. वर तीन बोटं दाखवून हसले. तेव्हा मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून उरकलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी जीप विकली. आजार परत आला नाही. नजर कमी झाली, म्हणून शिरूर कासारची लेक त्यांना घेऊन गेली. फोनवर अजून पहिला प्रश्न तोच असतो, "पाणी पिताव का?"

नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी सुसाट निघाला. मांजरसुंब्याच्या पुढे आजी तांब्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी दिसली. आम्ही चौघी एकदमच म्हणालो, थांबव.

"कावून? काय झालं?" त्याने विचारलं.

मी उतरले, मागच्या टायरला एक लाथ घातली आणि म्हणाले, "हवा बघून येते."