डोणीत विसळलेली बाटली

अनसूया एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! लोणावळ्याच्या रेल्वे कारकुनाची ही लेक, अडतीस साली रोज गाडीने तळेगावच्या एका दवाखान्यात जंतुशास्त्राच्या वर्गाला जायची. सात पुरुष आणि ही एकटी बाई. परीक्षा पास झाली की तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी, असं वर्ग घेणाऱ्या डॉक्टरांनी कबूल केलेलं. ती हुकली तर बोहल्यावर उभं राहायचं, हेही घरात ठरलेलं.

जंतू पेरलेल्या काचेच्या बश्या उबेच्या पेटीत ठेवल्या की दोन दिवस थांबावं लागे. हिला कुठला धीर! तासातासाला पेटीपाशी घुटमळायची.

"अहो अनसूयाबाई, दाराशी उभं राहून जंतू लवकर वाढत नाहीत," डॉक्टर म्हणायचे.

जवळच्या टाकवे गावच्या विहिरीचं पाणी तपासायचं काम तिच्या वाट्याला आलं. भट्टीत तापवून निर्जंतुक केलेली बाटली घेऊन ती गेली, पाणी आणलं, बशीत पेरलं. दोन दिवसांनी बशी ठिपक्यांनी गच्च! डॉक्टरांनी पाठ थोपटली, अहवाल धाडला, आणि विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या.

पण बाईसाहेबांचं मन थाऱ्यावर येईना. गावात कुणी आजारी नाही, मग एवढे जंतू आले कुठून? पंधरा दिवसांनी दुसरी बाटली घेऊन ती पुन्हा टाकव्याला गेली. वाटेत गावातली विठाबाई भेटली, ओढ्यावरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन.

"लय लांब पडतंय, बाई," विठाबाई धापा टाकत म्हणाली. "पर तुमी आमच्यावानीच हायसा. त्या दिशी बाटली कशी डोणीत विसळून घेतलीत!"

अनसूयेच्या पायाखालची जमीनच सरकली. विहिरीजवळच्या त्या दगडी डोणीत बैल पाणी प्यायचे. विसळल्याशिवाय भांड्यात पाणी भरायचं नाही, ही आईने लावलेली सवय. हाताने आपलं काम उरकलं होतं आणि डोक्याला पत्ताही नव्हता.

या खेपेला तिने फळ्यांच्या फटीतून बाटली दोरीने थेट विहिरीत सोडली. मग दोन दिवस जिवाची नुसती तगमग. पाणी चांगलं निघालं तर चूक तिचीच ठरणार, आणि नोकरी गेली. घाणच निघू दे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

बशीत दोनच ठिपके उगवले.

तिने बशी डॉक्टरांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मग परीक्षेच्या यादीतून त्यांनी तिचं नाव खोडलं आणि विहीर उघडायचं पत्र लिहायला घेतलं.

फळ्या निघाल्या त्या दिवशी ती टाकव्याला गेली. बाया जमल्या होत्या. विठाबाईने पहिली घागर भरली आणि पाहुणीसाठी तांब्या विसळायला ती डोणीवर वाकली.

"तिथं नका विसळू, विठाबाई! मी तेच केलं होतं. विहीर चांगलीच होती. चूक माझी."

विठाबाई ताठ झाली. "मंजी इतकं दिस आमी वढ्यावर मेलो, ते तुमच्यापाई?"

"हो."

विठाबाईने घागरीतलं पाणी तांब्यात ओतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घ्या. आता समद्यांम्होरं पिऊन दावा."