तापलेली केबल

माझी आत्या गाड्यांची इलेक्ट्रिशियन. गेली सव्वीस वर्षं तिच्या गॅरेजात एकच शिरस्ता होता: गाडी आली की आधी रेडिओ बंद, मग पंखा बंद, मग मालकाचं तोंड बंद. मालकाने फक्त किल्ली फिरवायची, तीनदा. आत्या बॉनेटपाशी डोळे मिटून उभी राहायची आणि तिसऱ्या खेपेला डोळे उघडून सांगायची: बॅटरी, किंवा कॉइल, किंवा सेल्फ. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. जुनी गाडी रुसते ती बहुतेक या पहिल्या धक्क्यालाच, असं तिचं म्हणणं. गल्लीत तिला सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत.

वर्षभरात तो कान हळूहळू गेला. समोरून बोललेलं तिला कळे, पण बारीक आवाज पोचत नव्हते. तिने कुणाला सांगितलं नाही. डोळे मिटणं तेवढं चालू ठेवलं. मग मागच्या महिन्यात एका टॅक्सीचा सेल्फ गेलाय म्हणून तिने तो उतरवला आणि दोष निघाला बॅटरीच्या सैल क्लॅम्पचा. शेजारच्या टायरवाल्याने ही बातमी चहासोबत चार दुकानांत पोचवली.

त्यामुळे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एका सकाळी मला घेऊन गॅरेजात आले आणि स्टूल ओढून बसले.

“ताई, बंद कर आता. मान आहे तोवर.”

“मान काय खुंटीला टांगलाय, कुणी काढून नेईल म्हणून?” आत्या पाने पुसत म्हणाली. मग तिने शटरची किल्ली काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. “आज दातांचे डॉक्टर येतायत. दोन गॅरेजांनी हात टेकलेली गाडी आहे. मलाही दोष सापडला नाही, तर ही किल्ली उचल आणि घेऊन जा. सापडला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

बाबांनी मान हलवली. किल्लीकडे मात्र ते बघत राहिले.

डॉक्टर आले ते दोरीने ओढलेल्या गाडीतून, बोलतच. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, जुनी, निळी, नुकताच रंग दिल्यामुळे नवरीसारखी चकचकीत. “बॅटरी नवी घातली, बाई. सेल्फ नवा. तोही टेबलावर लावून बघितला, भिंगरीसारखा फिरतो. गाडीत बसवला की…”

“डॉक्टर,” आत्या म्हणाली, “तुमच्या खुर्चीत पेशंट बोलतो का?”

“त्याच्या तोंडात माझा हात असतो.”

“तसं समजा.”

रेडिओ बंद, पंखा बंद. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. एक ‘टक्’ झालं, पुढे काही नाही. मला ऐकू आलं, बाबांनाही. आत्या डोळे मिटून उभी होती. पुन्हा टक्. तिसऱ्यांदाही तेच. आत्याने डोळे उघडले, पण नाव कशाचंच घेतलं नाही. बाबांचा हात टेबलाकडे सरकला, हे तिने पाहिलं.

तिने पदर कमरेत खोचला आणि सरळ डॉक्टरांच्या खिडकीपाशी गेली.

“मला ऐकू येत नाही, डॉक्टर. कान गेलाय. आवाज कसा आला ते तुम्ही सांगा. आणि या गाडीचं जे काही आहे ते सगळं सांगा, तक्रार वाटत नसेल तेही.”

डॉक्टरांनी काच पूर्ण खाली केली. मग म्हणाले, “दाढ हलतेय पण निघत नाही, तसा. एकच टक्. कधी पाचव्या-सहाव्या खेपेला कण्हत कण्हत चालू होते. बाकी काय… रंगाला इंजिन खाली उतरवलं होतं. आणि हो, एक्सिलरेटर जड झालाय हल्ली. पण तो वेगळा आजार.”

“जड कधीपासून?”

“रंगानंतर.”

“आणि चालू होत नाही तेही रंगानंतरच?”

“हो, तेही…” डॉक्टरांचं तोंड खुर्चीतल्या पेशंटसारखं उघडंच राहिलं.

आत्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि पुन्हा किल्ली फिरवायला लावली. दिवे जराही मंदावले नाहीत. “बॅटरी भरलेली आहे. करंट सेल्फपर्यंत जाऊन अडतोय.” मग तिने एक्सिलरेटरच्या केबलवर उघडी बोटं टेकवली. “किल्ली मारत राहा. थांबू नका.” चौथ्या खेपेला तिने हात झटकन मागे घेतला आणि हसली. कितीतरी महिन्यांनी तिला तशी हसताना मी पाहत होते.

“ये रे, हात लाव,” तिने बाबांना बोलावलं.

बाबांनी बोट लावलं. “अगं, पोळतंय की!”

“पोळणारच. बॅटरीतून निघालेल्या करंटला इंजिनातून परत यायला जाड पट्टी असते. ती वाट बंद आहे, म्हणून बिचारा या सुतळीएवढ्या केबलमधून घुसतोय. केबल तापून आतून आखडली, म्हणून पेडल जड. दोन आजार नाहीत, डॉक्टर. एकच आहे.”

तिने एक जाड वायर बॅटरीच्या वजा टोकापासून थेट इंजिनाला लावून धरली. “आता.” गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. बॉनेट थरथरलं आणि आत्याने त्यावर तळहात ठेवला. ते मात्र तिला पुरेपूर कळत होतं.

पट्टी खालच्या बाजूला सापडली, धडधाकट. रंगाऱ्याने ती चकचकीत निळ्या रंगावरच बोल्टने आवळली होती, आणि रंगातून करंट जात नाही. आत्याने रंग खरवडला, खालचा पत्रा चांदीसारखा उघडा केला आणि पट्टी पुन्हा कसली. आखडलेली केबल बदलली. उतरवलेली डॉक्टरांच्या हातात देत म्हणाली, “दोन्ही गॅरेजांना दाखवा.”

“त्यांनी मला बोलूच दिलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मीही कुठे दिलं? सव्वीस वर्षं कुणालाच नाही.”

निळी गाडी गल्लीच्या टोकाला वळल्यावर बाबांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि आत्याच्या हातात ठेवली. टायरवाला दारातून डोकावत होता.

“काय बाई, ऐकू आलं का?” त्याने मोठ्याने विचारलं.

“नाही,” आत्या त्याच्याहून मोठ्याने म्हणाली, “म्हणून विचारलं.”

मग तिने दुसरं स्टूल ओढून बॉनेटच्या जागेपाशी ठेवलं, पुढच्या गाडीच्या मालकासाठी, आणि मला पंखा लावायला सांगितला.