भरदुपारचे दिवे

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. दोह्याहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर लख्ख ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात एक काळी गाडी मागे पांढरी कॅरॅव्हॅन ओढत, पुढचे दिवे लावून चाललेली असायची. शेजारून जाणारे हातानं खुणा करत, बाबा रे, दिवे चालू राहिलेत. स्टिअरिंगवरचा शफीक त्यांना मान डोलावून सलाम करायचा आणि दिवे तसेच ठेवायचा.

शफीक दाभोळ खाडीच्या काठचा. वडील मचव्याचे तांडेल, आणि हा मिसरूड फुटायच्या आत लाँचीवर इंजिनाशी बसायला लागला. तेल, धूर आणि खाऱ्या ओलीच्या त्या कोंदट जागेत त्यानं एक गोष्ट मनाशी पक्की बांधली: इंजिन फिरतंय तोवर दिवा विझत नाही. पुढे तो कतारला आला, दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका घरी ड्रायव्हर झाला, दाढी पिकली, पण ही गोष्ट कधी खोटी ठरली नाही.

त्या घरची म्हातारी म्हणजे मामा आमना. तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं मामा म्हणतात. सुट्टीत गावी आल्यावर शफीक 'आमची मामा अशी म्हणाली' असं सांगू लागला, की त्याची बायको तय्यबा विचारायची, "मिशा किती मोठ्या आहेत तुमच्या मामाच्या?" मिशा नव्हत्या, पण दरारा होता. मामाचा जन्म अल रुवैसचा, उत्तरेच्या टोकाचा, जिथं कोळ्यांच्या होड्या अजून काठाला लागतात. थंडी पडली की आठवड्यातली एक रात्र तिला आपल्या समुद्राशेजारी झोपायचं असे. बाकीचे सहा दिवस ती त्या रात्रीवर काढायची.

त्यासाठी ती कॅरॅव्हॅन होती. चाकांवरची एक खोली, आत पलंग, दिवा, चहाची शेगडी. शफीकनं ती ओढत न्यावी, किनाऱ्यालगत लावावी, बाजूला तंबू ठोकावा. मामाला झोपेत श्वास अडायचा आजार होता. रात्रभर नाकावर मुखवटा लावून एक लहानसं यंत्र चालू ठेवावं लागे. ते यंत्र कॅरॅव्हॅनमधल्या बॅटरीवर चाले, आणि ती बॅटरी वाटेत गाडीच्या इंजिनावर भरत जाई. जनरेटर मामाला खपत नसे. "घरघरीतच झोपायचं तर लुसैलला, त्या नव्या बांधकामांवर जाऊन क्रेनखाली अंथरूण टाकते," ती म्हणायची.

जुन्या गाडीनं हे सगळं वर्षानुवर्षं निमूट केलं. त्या साली जासिमनं, मामाच्या थोरल्या मुलानं, नवी गाडी घेतली. समोर पाट्याएवढा पडदा, बटणंच बटणं, आपोआप लागणारे दिवे, आपोआप फिरणारे वायपर. शफीकनं तिच्या मागे कॅरॅव्हॅन जोडली, जाडा प्लग बसवला, आणि जासिमला सांगितलं, "काळजी नको. इंजिन चालू, म्हणजे बॅटरी चालू."

पहिल्या खेपेला निघायला उशीर झाला. सूर्य बुडता बुडता निघाले, रात्र सुखात गेली. दुसऱ्या खेपेला सकाळची न्याहारी करून उन्हातच निघाले, आणि त्या रात्री यंत्र मध्येच बंद पडलं. मामा घुसमटून उठली. हाक मारायला आवाज फुटेना, म्हणून तिनं हातातल्या काठीनं पत्रा बडवला. शफीक तंबूतून धावला तेव्हा आत काळोख होता आणि म्हातारी पलंगाच्या कडेला बसून तोंडानं हवा ओढत होती.

घरी आल्यावर जासिम ओरडला नाही. ते शफीकला जास्त लागलं.

"तू म्हणाला होतास बॅटरी भरलेली असते."

"सबंध वाट इंजिन चालू होतं."

"मग?"

शफीकनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"खलास," जासिम म्हणाला. "या वर्षी कॅम्प नाही. आणि पुढच्या वर्षीही नाही."

मामा उठली. आपल्या खोलीत गेली आणि समुद्र त्या खिडकीतून दिसत नव्हता तरी तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. शफीकनं एक आठवडा मागून घेतला. जासिम "इन्शाल्ला" म्हणाला, पण त्याच्या सुरात नकारच जास्त होता.

इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये सदानंद होता. सिन्नरचा माणूस, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. दोघांची मैत्री मराठीमुळे जमली आणि एकमेकांची खोडी काढण्यामुळे टिकली.

"सदू, वायर तुटली असेल कुठंतरी."

सदानंदनं प्लग काढून पाहिला, कॅरॅव्हॅनखाली आडवा होऊन पाहिला. "वायर ठणठणीत आहे, शफीकभाई. तुमच्या गुडघ्यांपेक्षा." त्यानं आपला जुना काट्याचा मीटर बॅटरीला लावला. "करा चालू." इंजिन सुरू झालं तसा काटा ताठ उभा राहिला. "हे बघा. भरतेय की."

"इथं भरतेय. मग वाटेत कोण पितं तिला? भूत?"

"तुमच्या कोकणातलं आलं असेल, व्हिसा काढून." सदानंदनं हात पुसले. "एवढं करा, निघायच्या आधी घरीच प्लगला लावून ठेवा. झाली बॅटरी फुल."

"मैदानात उभी असते कॅरॅव्हॅन, तिथं कुठला प्लग, मेल्या? आणि कारण न कळता मलम लावलं, तर मामाला काय सांगू?"

हे सदानंदलाही पटलं. त्यालाही आता तो काटा खुणावत होता. उभ्या गाडीत सगळं नीट. बिघाड चालत्या गाडीत. आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी. तेव्हा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मीटर पलंगावर ठेवला, समोर उशीला टेकवून सदानंदचा मोबाईल उभा केला, त्याचा व्हिडिओ चालू केला आणि दोघं पुढं गाडीत बसून लुसैलकडे निघाले.

त्या दिवसांत रस्ता दर आठवड्याला बदलायचा. काल डावीकडे वळलात तिथं आज भिंत उभी. स्टेडियमच्या बाजूला कामगारांच्या बसची रांग लागली होती, आणि एका नव्या भुयारी रस्त्यात गाड्या अडकून पडल्या. सदानंद झोपी गेला. शफीक मात्र प्रत्येक खड्ड्याला मागे कान लावून होता, लाँचीवर लावायचा तसा.

परतल्यावर वर्कशॉपजवळच्या चहावाल्यापाशी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि तिकडच्या दाट करक चहाचे दोन ग्लास मागवून दोघं मोबाईलवर वाकले. काटा सुरुवातीला ताठ होता. मग थोड्या वाटेनंतर, कुणी हात लावलेला नसताना, तो झोपलेल्या पोराच्या मानेसारखा हळूच कलला आणि पडून राहिला.

"आयला," सदानंद म्हणाला. "इंजिन चालू असताना?"

बराच वेळ काटा पडलेलाच. आणि मग एकदम तो उठला. थोडा काळ ताठ राहिला, पुन्हा कलला.

"हे कुठं झालं?"

"मला काय ठाऊक. मी झोपलेलो."

"आवाज वाढव."

सदानंदनं मोबाईल त्याच्या कानाशी धरला. धुक्यात खाडीच्या तोंडाशी नाव आणताना किनारा दिसत नाही, इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून कसा परत येतो त्यावरून तो ओळखायचा असतो. शफीकनं डोळे मिटले. चाकांचा आवाज उघडा, पसरट. मग एकदम घुमणारा, दोन्ही बाजूंनी परत येणारा. मग पुन्हा उघडा.

"भुयार," तो म्हणाला. "आपण अडकलो होतो ते."

"भुयारात बॅटरीला काय मिळतं? सावली?"

"थांब जरा." शफीक डोळे मिटूनच पुन्हा त्या भुयारात शिरला. एसी तोच. पाय ब्रेकवर. पुढच्या बसचा लाल उजेड. आणि समोरचे स्पीडचे आकडे... आकडे रात्रीसारखे उजळले होते.

"दिवे," तो म्हणाला. "काळोख बघून गाडीनं आपले आपण दिवे लावले होते."

सदानंद ग्लास खाली ठेवून उठला. शफीक मागे कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन मीटरसमोर बसला. काटा पडलेला होता. सदानंदनं पुढच्या काचेवर, उजेड ओळखणारा बारका डोळा असतो, त्यावर बाहेरून आपली टोपी दाबून धरली. गाडीला वाटलं, रात्र झाली. दिवे लागले. शफीक बघत राहिला, आणि काटा सावकाश उठून उभा राहिला.

"उठला?" सदानंदनं बाहेरून विचारलं.

"उठला. टोपी काढ. ... पडला. ठेव परत."

दोघांनी तो खेळ इतक्या वेळा केला की चहावाला बाहेर येऊन बघायला लागला.

मग सदानंदला उलगडा होत गेला. "लबाड आहे ही. जुन्या गाड्या जेवढा वेळ चालतील तेवढा वेळ वीज करत राहायच्या. ही पेट्रोल वाचवते. हिची स्वतःची बॅटरी भरली की चूल विझवून बसते. मागं कॅरॅव्हॅन उपाशी आहे, हे तिच्या गावीही नाही. दिवे लावले की मात्र चूल पेटवावीच लागते."

"म्हणजे पहिल्या खेपेला आम्ही दिवेलागणीला निघालो, म्हणून."

"म्हणून. याला एक वेगळं यंत्र येतं, मागच्या बॅटरीसाठी वीज ओढून घेणारं. मागवतो. यायला वेळ लागेल."

"तोवर?"

"तोवर दिवे लावून फिरा. लोक हसतील."

"हसू देत."

जासिमला पटवायला शफीकनं त्याला टोपीचा खेळ दाखवला. जासिमनं तो स्वतः करून पाहिला, दोनदा. तरी तो म्हणाला, "मी बरोबर येणार. रात्री तंबूत मीच झोपणार. काठीचा आवाज आला, तर विषय संपला."

भर दुपारी निघाले. मामा मागच्या सीटवर. लुसैल मागे पडेपर्यंत तिनं दम धरला.

"शफीक, ऊन दिसत नाही का तुला? दिवे कशाला?"

"ही गाडी कामचुकार आहे, मामा. दिवे पाहिले की कामाला लागते."

मामानं पुढं बसलेल्या मुलाच्या मानेकडे पाहिलं. "अशी माणसंही आहेत आमच्या घरात," ती म्हणाली. जासिम हसला, आणि त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला होता.

सकाळी शफीक गाडीतल्या झोपेतून जागा झाला तेव्हा तंबूवर दव पडलं होतं. ओहोटी लागून पाणी लांब गेलेलं, एक होडी चिखलात कुशीवर टेकलेली. जासिम कॅरॅव्हॅनच्या पायरीवर पाय दुमडून बसला होता. शफीक जवळ जाऊन काही विचारणार, तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. आतून यंत्राचा बारीक, एकसारखा आवाज येत होता. मामा अजून झोपलेली होती.

पुढं सदानंदचं यंत्र आलं, बसलं, आणि दिव्यांची गरज उरली नाही. शफीकनं ते मामाला दोन वेळा समजावून सांगितलं. पण गाडी हलायच्या आधी मागच्या सीटवरून विचारणा व्हायचीच.

"शफीक, दिवे?"

"लावले, मामा."

"यल्ला मग."