बॅगेला व्हिसा लागत नाही

मेश्राम काका पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी तिकीट मागितलं. "जय भीम. तुमच्या आई चालल्या म्हणे इंडियाला. तिकीट दाखवा." मी दारात, हातात लाटणं. ओळख ना पाळख, आणि म्हणे तिकीट दाखवा!

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या अपार्टमेंट्समध्ये ते खालच्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. नागपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही लेबलावर त्यांचा विश्वास नव्हता. इंडियन ग्रोसरीत तांदळाची पिशवी घेताना तारखेचा स्टिकर नखानं खरवडायचे, खाली दुसरा आहे का बघायला. कुणाची बॅग मोजायची असली की आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहायचे. "पहिले काटा तपासा. माल नंतर." आणि त्यांचं ठरलेलं वाक्य: "माल हरवत नसतो बेटा. चुकीचं लेबल लागलं, की तो बरोब्बर चुकीच्या जागी पोहोचतो."

युरोपवरून इंडियाला जाणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट ते वाचायचे. कुणी बोलावलं म्हणून नाही, चैन पडत नसे म्हणून. लोक मागे हसायचे. मीही हसले असते, पण त्या आठवड्यात मला हसू येत नव्हतं. पुण्यात बाबांची बायपास अचानक पुढच्या शुक्रवारची ठरली होती, आणि आई आमच्याकडे अडकलेली. तिला गुरुवारपर्यंत पोहोचवायचंच होतं. समीरनं, माझ्या नवऱ्यानं, मिळालं ते तिकीट काढलं: इथून बॉस्टन, मग लिस्बन, मग फ्रँकफर्ट, मग मुंबई. निघायचं मंगळवारी.

काकांनी खिशातून भिंग काढलं. एकदा वाचलं, परत वाचलं. "हे लिस्बन आणि फ्रँकफर्ट एकाच कुंपणातले नं?"

"हो, दोन्ही शेंगेनमध्ये, एकाच व्हिसाच्या देशांत," समीर म्हणाला. "त्याचं काय?"

"मग इमिग्रेशन पहिल्याच फाटकावर होईल. लिस्बनला. शिक्का मारल्याशिवाय पुढच्या विमानात बसू देत नाहीत. ताईंकडे तिकडचा व्हिसा आहे का?"

"काका, ट्रान्झिट आहे यार. आईंकडे यूएस व्हिसा आहे. बॅग थेट मुंबईपर्यंत चेक-इन होणार आहे, मी कॉल करून कन्फर्म केलंय."

"कोणाशी बोलले? नाव विचारलं?"

समीरनं फोन काढून कॉल लॉग उघडला. काकांनी भिंग खिशात ठेवलं. "बॅगेला व्हिसा लागत नाही बाप्पा. माणसाला लागतो."

आता माझं डोकं फिरलं. चार दिवसांवर प्रवास, तिकडे बाबा, आणि हा गृहस्थ तिकिटात खोट काढतोय. मला वाटलं, याच्या कुणा भाच्याची ट्रॅव्हल एजन्सी असणार. आणि मी ते तोंडावर बोलले सुद्धा! "काका, तुमचं कुणी आहे का तिकिटांच्या धंद्यात?" आई आतून "अगं!" म्हणाली.

काका चिडले नाहीत. इतका वेळ उभे होते, ते खुर्चीवर बसले.

"आमची सौ. अशीच चालली होती इथून. एकटी. मी विमानतळावर सोडायला गेलो. टॅग वाचला. मुंबई. एकदम बरोबर. मी खुश. तिच्या खांद्याला ओझं नको म्हणून शुगरच्या गोळ्यासुद्धा मीच मोठ्या बॅगेत टाकल्या. इथल्या काउंटरवर कोणी काही बोललं नाही. तिकडे पहिल्या फाटकावर अडवलं, व्हिसा नाही म्हणून. दोन दिवस खुर्चीत बसून होती, गोळ्या नाहीत, भाषा नाही. चौथ्या दिवशी घरी पोहोचली, सुजलेले पाय घेऊन." त्यांनी भिंग पुन्हा बाहेर काढलं. "बॅग पोहोचली होती बेटा. दोन दिवस आधी."

भिंग पुसत ते म्हणाले, "त्यानंतर तिनं विमानाचं नाव काढलं नाही. नात इथं, आजी नागपुरात. दोन वर्षांनी गेली. मी तीस वर्षं पार्सल पाहिलं. तिचंही पार्सलच पाहिलं. तिचं तिकीट नाही वाचलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यासमोरच एअरलाइनला फोन लावला. "बॅगेचं नको विचारू," ते हळूच म्हणाले. "माणसाचं विचार." मी विचारलं. तिकडची बाई म्हणाली, "वन मिनिट, मॅम," आणि बारा मिनिटं नुसतं संगीत वाजत राहिलं. मग ती आली. "मॅम, पॅसेंजरकडे शेंगेन व्हिसा आहे ना?"

समीरनं ते तिकीट कॅन्सल केलं. सोमवारचं मिळालं, युरोपात एकच थांबा, इमिग्रेशनचं फाटक ओलांडायचंच नाही. आई आपल्या गोळ्या पर्समध्ये घेऊन गेली. बुधवारी ती बाबांच्या उशाशी होती. बॅग मात्र वाटेतच कुठेतरी राहिली, शनिवारी आली. काकांना सांगितलं तर खुदकन हसले. "राहू दे. बॅगेची कोणी वाट पाहून राहिलं होतं का?"

माफी मागायला मी दोनदा खाली गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. पुढे मलाच ती खोड लागली, दिसेल त्याचं तिकीट वाचायची. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे फारच बोलायला लागले. "आता नागपूर," म्हणाले, आणि स्वतःचं तिकीट माझ्यापुढे ठेवलं. मी ते चारदा वाचलं, एअरलाइनला चार फोन केले, दर वेळी नाव विचारलं. म्हटलं, "काका, तुम्हीपण एकदा बघा ना."

"तू पाहिलं नं? झालं."

या माणसानं तांदळाच्या स्टिकरवर कधी विश्वास ठेवला नव्हता. मला रडूच आलं. विमानतळावर मात्र बॅग पट्ट्यावर जायच्या आधी त्यांनी भिंग काढलंच. "माणसाचं तू पाहिलं. बॅगेचं मी पाहतो." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता सिक्युरिटीच्या रांगेत गेले.

दीड दिवस मी फोन हातातून सोडला नाही. समीर म्हणाला, "अगं, सगळं चेक केलंयस ना?" केलं होतं. म्हणूनच तर झोप नव्हती. शेवटी ऐन मीटिंगमध्ये नागपूरहून मेसेज आला.

"बॅग पोहोचली. मीपण."