कोपऱ्यापासून तिसरं घर

माझी थोरली बहीण जुने कागद आणि फोटो सांभाळायच्या सरकारी दप्तरखान्यात काम करते. घरात कुणी मिठाचा डबा इकडचा तिकडे केला तरी घर डोक्यावर घेते. कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: आलेल्या खोक्यातला क्रम मोडायचा नाही. आणि नेमका तिनंच तो मोडला!

गिरणीमागची कामगारांची गल्ली फार पूर्वी पाडली. त्याआधी एका फोटोवाल्यानं प्रत्येक घर ओळीनं टिपलं होतं. सारखीच दारं आणि दारात उभी माणसं. नावं कुठेच लिहिली नाहीत. कशाला लिहील? कोपऱ्यावरचं घर पहिलं, मग त्याचा शेजार; कुणाचं घर कुठलं ते क्रमावरूनच कळायचं. तो गेल्यावर फोटोंची खोकी दप्तरखान्याच्या तळघरात ओल खात पडली.

त्या फोटोंची सूची व्हावी, लोकांना ते बघता यावेत, म्हणून ताईनं पैशासाठी किती उंबरे झिजवले! शेवटी एक संस्था पैसे द्यायला तयार झाली. अट अशी, की सगळं विषयवार लावायचं: मुलं, बायका, म्हातारी माणसं. आधी मूळ क्रम टिपून घ्यायचा, हे ताईला कळत नव्हतं का? पण मुदत तोंडावर आलेली. टेबलावर तिनं सरळ ढीग घातले आणि तसेच ते फोटो संगणकात चढवले.

"अगं, तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोललं असतंस त्याला!" मी तोंडाचा फटकळ, बोलून गेलो. संग्रह खुला झाला, कौतुक झालं, हारतुरे झाले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग त्या गल्लीत जन्मलेली एक म्हातारी शिंपीण आईचा फोटो शोधत आली. लहानपणीच तिची आई गेलेली. "चेहरा आठवत नाही हो. पण आमचं घर कोपऱ्यापासून तिसरं. तेवढं पक्कं." खोकी जशीच्या तशी असती, तर ताईनं तिसरा फोटो काढून हातात ठेवला असता. आता म्हातारी एकेक बाई बघत संगणकापुढे बसून राहिली. शेवटी एकीवर बोट ठेवून म्हणाली, "हीच असेल का?"

ताई म्हणाली, "हो, हीच."

"खोटं का बोललीस?" घरी तिनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"नाही म्हणवेना रे. आणि म्हणाले असते, तर का ते सांगावं लागलं असतं." मग ती रडली. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

परवा ताईचा विसरलेला चष्मा द्यायला गेलो, तर शिंपीण नातीला घेऊन आलेली. छापून घेतलेला फोटो पोरीच्या गालाशी धरून म्हणाली, "नाक बघा! पणजीवर गेलीय की नाही?"

"हो, अगदी," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

म्हातारीची खरी आई तिथेच, मागच्या संगणकात, 'बायका' या विषयाखाली कुठेतरी दारात उभी होती.