शुक्राचा अस्त आणि मेट्रोचा दुसरा टप्पा

बोरीत लग्न कुणाचंही असो, तारीख काढायची ती काशीनाथ जोश्यानं. लोक पिशवीत नारळ घालून यायचे, ओट्यावर टेकायचे, अन् काशीनाथ पंचांगावरून बोट फिरवायचा. बोट थांबलं की तारीख पक्की. त्याच्यावर अपील न्हवतं. गावात म्हणायचे, "तहसीलदाराचा हुकूम फिरंल, महाराजाचं बोट फिरायचं न्हाई."

असल्या माणसाच्या पोरीचं लग्न अडीच वर्सं लटकून पडलं, अन् ते बी अशा गाडीपायी, जी त्यानं कधी डोळ्यानं पाहिली न्हवती.

पोरगी वैदेही. गावातल्याच शाळेवर मास्तरीण. सोयरीक जमली सेलूच्या मुकुलशी. मुकुलचा बाप व्यंकटराव बाजार समितीत कारकून, माणूस गाईवाणी गरीब. पोरगा डिप्लोमा झालेला, देखणा, निर्व्यसनी. तिकडं शहरात नवी मेट्रो व्हायलीती. रस्त्याच्या मधून चालणारी, तीन डब्यांची हलकी गाडी. तिच्यावर चालक म्हणून मुकुलची निवड झाली, शिकवणी बी झाली. फक्त गाडी सुरू व्हायची राहिलीती.

बैठक सेलूला व्यंकटरावाच्या घरी बसली. आमच्याकडं बैठकीत यादी करतात. मानपान काय, जेवणावळ कुणाकडं, वऱ्हाड किती, सगळं कागदावर उतरवायचं, कागदाला हळदकुंकू लावायचं अन् दोन्हीकडच्यांनी सह्या ठोकायच्या. मग त्या कागदाबाहेर जाणं म्हंजे इज्जतीतून जाणं. व्यंकटराव तर म्हणाला बी, "काशीनाथराव, माणसं जमलेलीच हाएत. आजच अक्षता टाकून मोकळं होऊ."

पण काशीनाथ पडला दुसऱ्यांच्या तारखा काढणारा. त्याला वाटलं, घाई कशाला? निवड म्हंजे काय नोकरी न्हवं. त्यानं पेन घेतला अन् आपल्या हातानं, वळणदार अक्षरात कलम घातलं: 'मुलास मेट्रोचा हजर होण्याचा कागद हाती पडल्यावर विवाह करण्याचे ठरले.'

"दिवाळीला सुरू व्हायलीय म्हणतेत गाडी," व्यंकटराव सही करता करता म्हणाला.

"मग तुळशीच्या लग्नाच्या मागं आपलं," काशीनाथ म्हणाला अन् स्वतःवरच खूश झाला.

दिवाळी आली. गाडी न्हाई आली. एका जागेचा दावा कोर्टात होता म्हणे. मग गुढीपाडवा म्हणाले. पाडव्याला दोन खांब पुन्हा बांधायचे निघाले. मग स्वातंत्र्यदिन. तवा खांब झालते, रूळ झालते, पण तपासणीवाले साहेब यायचे होते. साहेब येऊन गेले, तर झेंडा दाखवणाऱ्या मंत्र्याला सवड न्हवती.

काशीनाथ रोज सकाळी किशनरावच्या किराणा दुकानात जाऊन पेपर बघायचा. मेट्रोची बातमी असली की कात्रीनं कापून पंचांगात ठेवायचा. पंचांग फुगून पोळीवाणी झालं. किशनराव तराजूत साखर जोखता जोखता विचारायचा, "काय महाराज, मेट्रोचे गुण जुळले का?"

गिऱ्हाईकं हसायची. काशीनाथ बी हसल्यासारखं करायचा.

घरात येगळीच गत. लग्न ठरलेल्या पोरीला भावकीतलं एकेक घर जेवायला बोलावतं, ते केळवण. वैदेहीची सात केळवणं पहिल्या दिवाळीआधीच झाली. लग्न पुढं गेलं तसं लोकांनी दुसऱ्या साली पुन्हा बोलावलं. तिसऱ्या साली कुणी बोलावलं न्हाई, अन् एका चुलतीनं तोंडावरच म्हटलं, "बाई, तुला जेवू घालून घालून आमचेच डबे रिकामे झाले." लग्नाच्या शालूचा ब्लाउज दोनदा उसवून ढिला केला. अंबिका, वैदेहीची आई, सुई दातात धरून म्हणाली, "अवो, जाळा ना ती यादी चुलीत. तुमीच लिवली, तुमीच फाडा."

"हळदकुंकू लावलेला कागद हाय तो," काशीनाथ म्हणाला.

पण मनातून तो बी हैराण झालता. दुसऱ्या सालच्या शेवटाला एकदाची बातमी आली, मेट्रो सुरू. काशीनाथनं पेढे आणले. संध्याकाळी व्यंकटरावाचा फोन आला तवा पेढ्याचा पुडा अजून सुटला न्हवता. सगळी गाडी सुरू झालीच न्हवती. पहिला टप्पा, सहा स्टेशनं. तेवढ्याला अठरा चालक पुरले. मुकुलचा नंबर तेविसावा. बाकीच्यांना दुसऱ्या टप्प्यात घेणार.

तवा काशीनाथ स्वतः सेलूला गेला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याच्या ओट्यावर बसून तारीख मागितली. "व्याहीबुवा, ते कलम सोडून देऊ. माझीच चूक झाली."

व्यंकटरावानं मान खाली घातली. "मी तर तवाच तयार होतो. पण आता पोरगं ऐकंना. म्हणतो, कागद हाती आल्याबिगर बोहल्यावर चढायचं न्हाई. गावभर झालंय ना, त्याला बी लाज हाय."

काशीनाथ मिळंल त्या बसनं परत आला.

पुढच्या हिवाळ्यात किशनराव नारळ घेऊन ओट्यावर आला. नात राजेश्रीचं लग्न काढायचं होतं. नवरदेव फौजेत, सुट्टी पंधराच दिवसांची. काशीनाथनं पंचांग उघडलं. शुक्राचा अस्त लागत होता. शुक्र दिसंना झाला की लग्नाला चांगला मुहूर्त नसतो.

"अडीनडीला गौण मुहूर्त असतेत म्हणं पंचांगात," किशनराव म्हणाला.

"असतेत. मी देत न्हाई. अस्तात लागलेलं लग्न धकत न्हाई, किशनराव."

"नवरदेवाची सुट्टी शुक्राला विचारून मिळती का हो?"

"मिळत न्हाई. पण म्या माझ्या बोटाची पत कशाला बुडवू?"

किशनराव नारळ तसाच उचलून गेला. राजेश्रीचा नवरदेव बिगर लग्नाचा परत गेला.

अन् आठ दिवसांनी मुकुलचा कागद आला. एकतारखेला हजर व्हायचं, दुसरा टप्पा सुरू. पुढं सालभर रजा न्हाई. म्हंजे लग्न करायचं तर एकतारखेच्या आत. अन् एकतारखेच्या आत सगळा अस्त.

काशीनाथ दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यानं पंचांगाची मागची पानं काढली, जी त्यानं कुणाला दाखवली न्हवती. गौण मुहूर्त. पंचमीचा एक होता, दुपारचा. त्याचं बोट त्याच्यावर थांबलं. गावात तासाभरात बोभाटा.

पत्रिका वाटल्या. मंडपाचे बांबू आले. लग्नाला पाच दिवस राहिले अन् सकाळी आठला मुकुलचा फोन. जो मंत्री एरवी सवड काढीत न्हवता, त्याला एकाएकी सवड झालीती. दुसरा टप्पा उद्याच उघडणार. सगळ्या चालकांनी उद्या सकाळी दहाला हजर व्हायचं, न्हाई तर पुढच्या नंबरला बोलावणार. अडीच वर्सं जी जागची हलली न्हाई, ती गाडी बरोब्बर लग्नाच्या अंगावर धावून आली.

मुकुलला आजच निघायचं होतं. दोन वाजता देवगाव फाट्यावरून त्याची बस. फोनवर तो म्हणाला, "मी जीप करून आधी बोरीला येतो. तासभर हाय माझ्याकडं. काका म्हणतील तसं."

बाराला तो आला, व्यंकटरावासंगं, अंगावर प्रवासाचेच कपडे. अंबिकानं मुंडावळ्या काढल्या. वैदेही शाळेतून तशीच आलीती, बोटाला खडू. ती बापासमोर उभी राहिली.

"अण्णा, आत्ता टाका अक्षता."

"आज अवस हाय, वैदेही."

"असू द्या."

"अमावस्येला? अन् वर शुक्राचा अस्त?"

"मी गौण हाय का प्रधान हाय, ते एकदा पंचांगात बघा," वैदेही म्हणाली. आवाज चढवला न्हाई. वर्गात पाढे घेताना बोलती तसं बोलली.

काशीनाथनं मूठभर तांदूळ घेतले. कुंकू कालवलेले लाल तांदूळ. व्यंकटराव म्हणाला, "टाका, काशीनाथराव. पाप असंल तर माझ्या वाट्याला." मुकुलनं घड्याळ बघितलं. काशीनाथनं तोंड उघडलं. चाळीस वर्सं जी मंगलाष्टकं झोपेत बी म्हणता आली असती, त्यातला पहिला शब्द फुटंना. हात वर गेला अन् तिथंच राहिला. तांदूळ बोटांच्या फटीतून गळायला लागले, त्याच्याच पायावर.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मुकुल सगळ्यांच्या पाया पडला अन् जीपमधी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वैदेहीच्या मोबाईलवर उद्घाटन दिसलं. हार घातलेली गाडी, हिरवा झेंडा, टाळ्या. काचेमागं टोपीतलं एक पोरगं दिसल्यासारखं झालं. मुकुलच होता का, कुणाला सांगता आलं न्हाई. तिसरा टप्पा, म्हंजे लग्नाचा, कवा उघडंल, ते कुणालाच ठाऊक न्हवतं.

मांडववाला बांबू मोजून घेऊन गेला. तो गेला तसा किशनराव आला, पिशवीत नारळ घेऊन. ओट्यावर टेकला. टोमणा मारील म्हणून काशीनाथ वाट बघत बसला. पण त्यानं टोमणा मारला न्हाई.

"महाराज, राजेश्रीचा नवरदेव बदलीच्या जागी जाता जाता दोन दिवस यायलाय. पंचमीलाच. तुमच्या घरी निघाला तसला मुहूर्त आमाला बी द्या. आता न्हाई म्हणू नका."

काशीनाथनं पंचांग उघडलं. कात्रणं भसाभसा खाली पडली. त्यानं ती उचलली न्हाईत. बोट पंचमीवर ठेवलं अन् वेळ लिहून दिली, वैदेहीसाठी काढली होती तीच.

आतून वैदेही चहा घेऊन आली. कप किशनरावच्या पुढं ठेवून म्हणाली, "काका, राजेश्रीला उद्या केळवणाला आमच्याकडं धाडा. शिधा भरलेलाच हाय."